पोस्टरवरचा मुलगा कुठे पाहत होता

अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. ती मी आजवर दोन-तीन जणांनाच सांगितली आहे, आणि दरवेळी स्वतःला सोयीचं पडेल एवढं वगळून. या वेळी काही वगळायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे.

त्या वेळी गावात सिनेमाची आवड असलेल्या आम्हा वीस-पंचवीस जणांचा एक गट होता. महिन्यातून एकदा एका कॉलेजच्या हॉलमध्ये पडदा लावून आम्ही सिनेमे दाखवायचो. एका वर्षी गटातल्या कुणीतरी जुन्या जपानी सिनेमांच्या कॅसेटी मिळवल्या. सगळे सिनेमे तरुण पोरापोरींचे. कॉलेज सोडून समुद्रावर भटकणारी, कारखान्यात राबणारी, बापाशी भांडून शहरात पळून जाणारी पोरं. गटात ब्रश धरता येणारी मी एकटीच, म्हणून पोस्टरं करायचं काम माझ्याकडे आलं. जपान म्हटलं की मला कागदी पंखा, छत्री आणि बर्फाची टोपी घातलेला डोंगर एवढंच सुचत होतं. मी तेच काढलं. गटातल्या एका मित्रानं ते पाहिलं आणि विचारलं, "हे चहापत्तीच्या दुकानाचं आहे का?"

त्यानंच मला अकोल्याच्या सरांचा पत्ता दिला.

सर शेतीशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. तरुण असताना दोन वर्षं शिकायला जपानात होते. तिथे समुद्रकाठच्या एका लहान गावात राहायचे आणि रविवारी गावातल्या एकुलत्या एका थेटरात जाऊन बसायचे. सुरुवातीला भाषा कळायची नाही, पण पोस्टरं कळायची, असं त्यांचं म्हणणं. थेटरचा मालक सिनेमा उतरला की त्याचं पोस्टर त्यांना देऊन टाकायचा. अशी तीस-पस्तीस पोस्टरं त्यांनी अकोल्याच्या घरी पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, मधे मधे कडुनिंबाचा पाला घालून, चाळीसेक वर्षं जपली होती. पत्नी वारली होती, मुलगी नागपूरला. मी बडनेऱ्याहून पॅसेंजरनं गेले होते. त्यांनी स्वतः चहा केला आणि पेटी ओढून माझ्यासमोर उघडली.

मी तशी पोस्टरं कधी पाहिली नव्हती. आपल्याकडच्या पोस्टरात सगळं कोंबलेलं असतं, हिरो, हिरोइन, खलनायक, मोटार, आग, देवीचं देऊळ. इथे एखादा चेहराच अर्धाअधिक कागद व्यापून, आणि बाकी सगळं आभाळ. फोटोवर हातानं रंग चढवलेले, त्यामुळे गाल जरा जास्तच गुलाबी. वरून खाली उतरणारी लाल अक्षरं, जाड ब्रशानं एका दमात मारल्यासारखी. एका पोस्टरावर पिवळ्या पट्ट्यावर तिरपी अक्षरं होती, ती पळत सुटल्यासारखी दिसत होती.

"एक गोष्ट पाहा," सर म्हणाले. "यातले पोरं कधी आपल्याकडे पाहत नाहीत. आपल्या पोस्टरातला हिरो सरळ आपल्या डोळ्यांत पाहते. हे कागदाच्या बाहेर पाहतात. तरुण माणूस कुठं पाहून राहिला, हे दुसऱ्याले कळत नाही ना, तसं."

त्यातलं एक पोस्टर मी बराच वेळ हातात धरून बसले. पांढऱ्या सदऱ्यातला, वाऱ्यानं केस उडालेला एक मुलगा, हनुवटी किंचित वर, डावीकडे दूर पाहणारा. मागे निळंकरडं पाणी. खालच्या कोपऱ्यात सायकलवर एक मुलगी, बोटभर उंचीची. तो सिनेमा आमच्या कॅसेटींत नव्हता. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि न मागता म्हणाले, "न्या. अभ्यास करा. सावकाश आणून द्या."

सिनेमा कशावर आहे, हे मी विचारलं नाही. त्यांनी तो पाहिला होता. त्यांच्या समोर तासभर बसून होते मी, आणि विचारलं नाही.

आमची सिनेमाची पोस्टरं त्यानंतर बरी झाली, लोकांनी वाखाणली. ते सगळं सरळ होतं, त्याबद्दल मला काही सलत नाही. सलतं ते पुढचं.

ती वर्षं आमच्या वऱ्हाडात वाईट होती. सकाळी पेपर उघडला की आधी आतल्या पानावरची जीव दिलेल्या शेतकऱ्यांची नावं बघायची, आपल्या ओळखीचं गाव तर नाही ना. शाळेत हजेरी घेताना एखादी मुलगी आठ-दहा दिवस गैरहजर असली की कारण विचारायला जीभ वळायची नाही. अशात एका सरकारी कार्यालयातून शाळांना पत्र आलं. शेतकरी कुटुंबांनी मनातलं बोलावं, मदतीला माणसं आहेत, असं सांगणारं पोस्टर हवं होतं. चित्रकला शिक्षकांनी नमुने पाठवावेत. मजकूर तयार होता, 'एकटं राहू नका, बोला.' चित्र आम्ही द्यायचं.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कोण काढणार? तुम्ही तर शेतकऱ्याच्याच घरच्या."

होतेच मी. दर्यापूरच्या अलीकडे आमचं गाव, काळी जमीन, कपाशी आणि सोयाबीन. बाबा, काका, सगळे शेतीतच. तरी आठ दिवस मी कागद फाडत होते. बाबांना डोळ्यांसमोर आणून काढलं तर कॅलेंडरवरचा शेतकरी व्हायचा, मिशा, पागोटं, बैल. मला माझ्या माणसांचा चेहरा काढता येत नव्हता. हे कुणाला सांगायची लाज वाटली, आणि त्या लाजेतूनच मी दुसरी, मोठी लाज ओढवून घेतली.

एका रविवारी दुपारी मी सरांचं पोस्टर टेबलावर पसरलं. त्याच्यावर पट्टीनं पेन्सिलच्या चौकटी आखल्या. मुलींना मी चित्र मोठं करायला शिकवते त्याच पद्धतीनं, मूळ चित्रावर चौकटी, मोठ्या कागदावर मोठ्या चौकटी, आणि एकेक घर उतरवत जायचं. चाळीस वर्षं जपलेल्या, दुसऱ्याच्या कागदावर मी रेघा मारल्या. तासाभरात चेहरा उतरला. मग मी सदऱ्याच्या खांद्यावर शेतकऱ्याचा दुपट्टा टाकला, रंग सावळा केला, डोळे थोडे मोठे केले. समुद्राच्या जागी फुटलेल्या कपाशीचं वावर काढलं. सायकलवरची मुलगी काढून टाकली. हनुवटी आणि नजर मात्र होती तशीच ठेवली, कारण सगळी जान तिथेच होती. मला वाटलं, पोरगा उद्याकडे पाहतो आहे.

नंतर चौकटी पुसायला गेले तर खोडरबरानं कागदाचा चकाकता थर उचलला. पाण्याच्या निळ्या रंगावर पांढुरके ओरखडे उठले. मी ते पोस्टर गुंडाळून कपाटावर ठेवून दिलं.

माझं चित्र निवडलं गेलं. एका कार्यक्रमात शाल आणि प्रमाणपत्र मिळालं, पेपरात फोटो आला. व्यासपीठावर कुणीतरी म्हणालं की मातीतून आलेल्या कलावंतालाच असा चेहरा सापडतो. मी हात जोडले. बाबांनी ते प्रमाणपत्र गावी नेऊन देवघराच्या भिंतीवर लावलं.

पोस्टर छापून एसटी स्टँडांवर, दवाखान्यांत, ग्रामपंचायतींत लागलं. काही गावांत भिंतीवर रंगवायचंही ठरलं आणि ते काम अमरावतीच्या एका जुन्या पेंटर चाचांना मिळालं. चाचा मुसलमान, साठीच्या पुढचे. अर्धं आयुष्य त्यांनी थेटरांची मोठी पोस्टरं रंगवण्यात घातलं होतं. थेटरवाले छापील पोस्टर लावू लागल्यापासून ते बियाण्यांच्या आणि खतांच्या जाहिराती भिंतींवर रंगवायचे. रंग बरोबर येतो का बघायला मी पहिल्या भिंतीपाशी गेले. शिडीवर बसून ते गालाची सावली भरत होते. काही वेळानं ब्रश थांबवून म्हणाले, "ताई, हा मानूस वावरातला नाई."

"काहून?" मी विचारलं. घाबरले की माझी बोली गावाकडे वळते.

"याच्यावर एका बाजूनं उजेड मारला हाये. लाईटचा. उन्हातला मानूस असा दिसत नाई, त्याच्या तं डोयावर सावली येते. असे चेहरे मी तीस साल बनवले." ते हसले. "सिनेमातला हाये ना?"

"नाही," मी म्हणाले. "मनानं काढला."

"हां. असन," ते म्हणाले, आणि परत ब्रश बुडवला. पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून ते मला ताईच्या ऐवजी मॅडम म्हणू लागले.

दीडेक महिन्यानंतर एका दुपारी शिपाईबाई वर्गावर सांगत आल्या की अकोल्याहून एक म्हातारे गृहस्थ आले आहेत. सर व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. अकोल्याच्या स्टँडवर त्यांनी पोस्टर पाहिलं होतं. फोन केला असता तरी चाललं असतं, पण ते अडीच-तीन तास एसटीत बसून आले होते.

"तुमचं काम पाहिलं," ते म्हणाले. "चांगलं झालं. हात चांगला आहे तुमचा."

मी म्हणाले, "सर, मी तुम्हाला सांगणारच होते."

"त्याचं काही नाही हो. घेतलं तं घेतलं." त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. "तो सिनेमा मी दोनदा पाहिला होता. तुम्हाले माहीत आहे का तो कशावर होता?"

मी नाही म्हणून मान हलवली.

मग त्यांनी सांगितलं, हळू, मधे मधे थांबत. मासे वाळवायच्या कारखान्यातला एक मुलगा. बाप गेलेला, आई आजारी. बरोबरीचे मित्र एकेक करून शहरात निघून जातात. सगळे त्याला म्हणतात, तू हुशार आहेस, तुझं चांगलं होईल. तोही हसून हो म्हणतो. मनातलं कुणाशी बोलत नाही. शेवटी एका सकाळी तो चपला काढून काठावर नीट जोडून ठेवतो आणि पाण्यात चालत जातो.

"पोस्टरावरचा फोटो त्याच्या आधीचा आहे," सर म्हणाले. "पाण्याकडे पाहून राहिला तो. सायकलवरची पोरगी त्याच्याचकडे येऊन राहिली असते. तिले उशीर होते."

मैदानावर पी.टी.चा तास चालू होता, शिट्टी वाजत होती. मी जिथे उद्या पाहिला होता, तिथे तो मुलगा काय पाहत होता! आणि ती नजर मी उचलून गावोगाव लावली होती, नेमकी ज्या घरांसमोर लावू नये त्या घरांसमोर. चुकून का होईना, पण लावली होती.

इथवर झालं ते अज्ञान म्हणून कुणी माफ करील. पुढे मी जे बोलले ते मी पूर्ण शुद्धीत, जाणूनबुजून बोलले. मी म्हणाले, "सर, हे कुणाला सांगू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझी नोकरी आहे. बाबांनी प्रमाणपत्र भिंतीवर लावलं आहे. इथं तो सिनेमा कुणी पाहिलेला नाही, सर. कुणाला कळणार आहे?"

"मी सांगाले नव्हतो आलो," ते म्हणाले. "तुम्हाले माहीत असावं म्हणून आलो." मग पिशवी उचलत म्हणाले, "माझं पोस्टर तेवढं देता का?"

घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. आम्ही चालत गेलो. त्यांनी गुंडाळी उघडली, पाण्यावरचे ओरखडे आणि कानाकोपऱ्यात राहिलेल्या पेन्सिलच्या रेघा पाहिल्या. एका रेघेवरून बोट फिरवलं. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. "चौकटी दोन-दोन इंचांच्या घेतल्या," एवढंच म्हणाले. चहाला थांबले नाहीत.

दोन महिन्यांनी पोस्टर पुन्हा छापायचं ठरलं. काही बदल हवा असल्यास आठ दिवसांत कळवा, असं मला पत्र आलं. एवढी सरळ संधी कुणाला मिळते? ते पत्र मी वहीत ठेवलं, दोनदा उत्तर लिहायला घेतलं, आणि नवव्या दिवशी फोन करून सांगितलं, "बदल नाही."

त्यानंतर गावी गेले की मला तिथली रंगवलेली भिंत दिसायची. पंचायतीच्या भिंतीवर चाचांनी रंगवलेला तो मुलगा, माणसाच्या दुप्पट उंचीचा. एसटीतून उतरलं की आधी तोच. दिवाळीच्या सुट्टीत मी चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन दुपारी तिथे गेले. पंचायतीला काय सांगायचं, हेही ठरवलं नव्हतं. समोरच्या घरातली म्हातारी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. तिला मी लहानपणापासून ओळखत होते. तिच्या घरीही आदल्या वर्षी वाईट घडलं होतं, तिचा धाकटा मुलगा.

"काय करतं वं पोरी?" तिनं विचारलं.

"पुसतो हे. नीट नाही झालं."

"काहून? चांगला तं हाये." ती उठून माझ्याजवळ आली. "राहू दे ना वं. येता-जाता दिसते मले. घरात कोणी नसलं का समोर कोणी हाये असं वाटते. नवरी पाहाले निघाल्यावानी दिसते पोट्टा."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातात शेंगा तशाच होत्या. तो कुठे निघाला आहे, हे मी तिला कशी सांगणार होते? आणि न सांगता पुसणार तरी कशी? मी चुन्याची बादली उचलून परत आले. बाबांनी विचारलं, "चुना काहून सांडला अंगावर?" मी म्हटलं, तुळशीवृंदावनाला लावत होते. मग ते खरं ठरावं म्हणून खरोखरच वृंदावनाला चुना लावला.

जानेवारीत शाळेत चित्रांची स्पर्धा झाली. विषय, 'माझं गाव'. सातवीतल्या एका मुलीनं पंचायतीची भिंत काढली होती आणि भिंतीवर तो मुलगा. मुलगी चांदूर रेल्वेच्या बाजूची, नात्यातल्यांकडे राहून शिकायची, वर्गात फारशी बोलायची नाही. चेहरा तिनं विलक्षण उतरवला होता. तो पाहिला आणि माझा तोल गेला. सगळ्या वर्गासमोर कागद वर धरून मी म्हणाले, "नक्कल म्हणजे कला नाही. दुसऱ्याचं उचलून आपलं नाव टाकायचं, याला चोरी म्हणतात." आणि दहा गुण कापले.

ती उभी राहिली. "पण मॅडम, आमच्या गावात हे हायेच ना भितीवर," ती म्हणाली. "मी तं गावच काढलं. आन् ते चित्र तुमचंच हाये. तुमचं पाहूनच शिकली मी."

मी म्हणाले, "बस खाली." तास संपेपर्यंत फळ्याकडे तोंड करून मी काहीतरी आखत राहिले.

तीन दिवस मी त्या मुलीची नजर चुकवली. चौथ्या दिवशी त्याच वर्गावर गेले, हजेरी घेतली आणि उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. जपानचं पोस्टर, सर, चौकटी, दुपट्टा. सिनेमाचा शेवट मी वर्गात सांगितला नाही. त्या वर्गात तशा घरच्या तीन मुली होत्या. एवढंच म्हणाले की चित्र माझं नाही, मी दुसऱ्याचं उचललं, आणि चोरीबद्दल जे बोलले ते मला स्वतःला लागू होतं.

त्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, शेवटासकट. त्या म्हणाल्या, "हे वर्गात बोलायची काय गरज होती?" कार्यालयाला मी लेखी कळवलं, प्रमाणपत्र परत पाठवते म्हणाले. उत्तर आलं नाही. स्वतः गेले तर तिथल्या बाबूंनी कागद वाचला आणि म्हणाले, "मॅडम, ते काम तर संपलं. आता हे कुठं लावू?" कागद त्यांनी मलाच परत दिला. बाबांना सांगायला मला आणखी एक वर्ष लागलं. त्यांनी प्रमाणपत्र काढलं नाही, पण पाहुण्यांना दाखवायचं बंद केलं. सरांना मी पत्र लिहिलं. त्यांचं चार ओळींचं पोस्टकार्ड आलं, तब्येतीची चौकशी आणि खाली 'बरं केलंत'. त्यांच्या घरी जायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही. ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं ती पेटी नागपूरला नेली, असं ऐकलं.

त्या दिवशी वर्गात माझं बोलून झाल्यावर मी विचारलं होतं, "कुणाला काही विचारायचं आहे?" त्याच मुलीनं हात वर केला. मला वाटलं, आता ही विचारेल की तो मुलगा कोण होता.

"मॅडम," ती म्हणाली, "मंग माहे दहा मार्क?"

मी टेबलावरची मार्कांची वही उघडली, तिच्या नावापुढचा आकडा खोडला आणि नवा लिहिला. ती जागेवरून उठून जवळ आली, मी काय लिहिते ते वाकून नीट पाहिलं, आणि परत जाऊन बसली.